पेढी बुडाली तो उन्हाळा

यंदा एप्रिल निम्मा व्हायच्या आतच अकोल्यात घरोघरचे कूलर पुसून निघाले. काल मीही बाजारातून नवी खस आणली, बादलीत भिजवली, आणि तो ओला, मातकट वास घरभर झाला. सून म्हणाली, "आई, किती गार वाटून राहिलं ना!" मी हो म्हटलं. या वासानं सगळ्यांना गार वाटतं. मला मात्र काही वर्षांमागचा एक काचेचा दरवाजा दिसतो आणि त्याच्या पलीकडे उन्हात उभी असलेली आमची सगळी गल्ली.

मी त्या दरवाजाच्या आत होते.

आमच्या मोहल्ल्याची एक पतपेढी होती. तिचं नोंदणीतलं लांबलचक नाव फक्त पासबुकावर असायचं. लोक तिला नुसतं 'पेढी' म्हणत. एकविसाव्या वर्षी मी तिथं कारकून म्हणून लागले आणि शेवटपर्यंत खिडकीवरच बसले. पेढी निघाली ती गुलाबरावांच्या पिठाच्या चक्कीत. आधी ती साधी भिशी होती. दळणाचा नंबर लागेपर्यंत बाया बाहेर कडुनिंबाखाली बसत, बोलता बोलता कुणाच्या घरी काय अडलंय ते निघे, आणि त्यातूनच महिन्याला थोडेथोडे पैसे एकत्र टाकायची रीत पडली. पैसे गुलाबराव सांभाळत. हिशेब माझे बाबा लिहीत. ते शाळामास्तर, अक्षर मोत्यासारखं. तिसरे रहीमभाई गादीवाले. गाद्या भरायला ते घरोघर जात, त्यामुळे कुणाच्या घरी पाहुण्यांसाठी गाद्यांची चळत आहे आणि कुणाची लेकरं चटईवर निजतात हे त्यांना पक्कं ठाऊक असे. कर्ज कुणाला आधी द्यायचं हे तेच सांगत. त्यांचं ऐकून दिलेलं कर्ज बुडाल्याचं मी कधी पाहिलं नाही.

या तिघांनी भिशीची पतपेढी केली तेव्हा ऑफिस म्हणून चक्कीमागची खोली मिळाली. मी लागले तेव्हाही पेढी तिथंच होती. लेजरवर पीठ, शिक्क्यावर पीठ, माझ्या केसांत पीठ. चक्कीचा पट्टा फिरू लागला की बोललेलं ऐकू येत नसे. लोक बिचारे रक्कम हळूच सांगत आणि मी ओरडून विचारी, "किती? दोनशे की तीनशे?" बाहेर दळणाच्या रांगेतून उत्तर येई, "तीनशे म्हून राहिली थे!" कुणाचं काही गुपित राहत नसे. उन्हाळ्यात गुलाबराव त्या खोलीच्या खिडकीला खशीची ताटी लावत आणि येता-जाता तिच्यावर तांब्यानं पाणी मारत. गव्हाच्या गरम पिठाचा आणि ओल्या खशीचा मिळून एक वास होई. तो मला पुन्हा कुठं आला नाही.

एकदा शहरात संचारबंदी लागली होती. आमची गल्ली अशी की एका टोकाला आमची घरं, दुसऱ्या टोकाला रहीमभाईंची, मधोमध चक्की. तिसऱ्या दिवशी लोकांच्या घरातले पैसे संपले, दूध-भाजीची पंचाईत झाली. गुलाबरावांनी पुढचं शटर बंद ठेवलं आणि मागचं दार उघडलं. दोन्हीकडची माणसं भिंतीच्या कडेकडेनं येत, पन्नास-शंभर घेऊन जात. बाबा वहीत नाव लिहीत, सही नंतर. त्या दिवसांत पैसे न्यायला आलेल्या सगळ्यांनी पुढं येऊन सह्या केल्या. वार्षिक सभेच्या जेवणात, रोडगे आणि वांग्याची भाजी खाता खाता, गुलाबराव ही गोष्ट दरवर्षी सांगत आणि आम्ही दरवर्षी ऐकत असू.

हमीदा आपा या रहीमभाईंच्या धाकट्या बहीण. उर्दू शाळेत मास्तरीण होत्या. लग्न केलं नाही. भाऊ-भावजय मागंपुढं गेले तेव्हा भावाच्या इम्रानला त्यांनीच वाढवलं. पगार झाला की आपा पेढीत येत, पैसे भरत आणि माझ्या खिडकीशेजारच्या स्टुलावर बसून चहा घेत. त्यांचं एकच खातं होतं जिवाभावाचं. हजचं. तिशीपासून त्या त्यासाठी साठवत होत्या. एकदा जमले ते रहीमभाईंच्या दुखण्यात गेले. दुसऱ्यांदा जमले ते इम्रानच्या डिप्लोमात. तिसऱ्यांदा त्यांनी सुरुवात केली तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. मी म्हटलं, "आपा, या वेळी कुणाले देऊ नका." त्या हसल्या. "देणारी मी कोण व? लागले तिथं गेले."

पेढी मोठी झाली. मोठी होणं वाईट असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. रस्त्याकडेला स्वतःची इमारत झाली, काचेचा दरवाजा बसला, एसी आला. बाबा गेले. रहीमभाई आधीच गेले होते. गुलाबराव थकले, त्यांना सभेत हार घालून मागच्या खुर्चीवर बसवलं गेलं. नवे संचालक गाडीतून येत, गल्लीत त्यांच्यापैकी कुणाचंच घर नव्हतं. शहराबाहेरच्या शेतांचे प्लॉट पाडणाऱ्यांना मोठमोठी कर्जं जाऊ लागली. ती कागदं माझ्या खिडकीवर येत नसत. मला एवढंच दिसे की सकाळी तिजोरी उघडायला उशीर होतोय. कुणी मोठी रक्कम मागितली की व्यवस्थापक म्हणतात, "उद्या या म्हणा." ठेवीची मुदत संपली की ती पुन्हा ठेवून घ्या, असा रोज तगादा. मी हे पाहत होते. घरी येऊन यांना सांगतही होते. हे म्हणत, "चालतं बँकांमध्ये." मी ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. पेन्शनला चारच वर्षं उरली होती.

त्या वर्षी मार्चमध्ये आपांचा हजचा नंबर लागला. पहिला हप्ता त्यांनी हातातल्या पैशांतून भरला. उरलेल्यासाठी पेढीतली ठेव. त्या दिवशी त्या आल्या त्या धावतच, ओढणी खांद्यावरून घसरलेली. गल्लीतल्या पंधरा माणसांना सांगत सांगत आल्या होत्या. स्टुलावर बसून त्यांनी पावती काढली.

"सुनंदा, काढून टाकू का आत्ताच? मंग घाईगर्दी नको."

मी पावती पाहिली. मुदत पूर्ण व्हायला सात आठवडे होते.

"आपा, आत्ता मोडली तर व्याज बुडते. हप्त्याची तारीख मे महिन्याच्या शेवटी आहे ना? मुदत त्याच्या आधीच भरते. काहून नुकसान करता?"

"तू म्हणतीस त थांबते," त्या म्हणाल्या आणि पावती पुन्हा पिशवीत ठेवली.

मी खोटं बोलले नव्हते. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल याची गणती नाही. कुठल्याही कारकुनानं हेच सांगितलं असतं. पण कुठल्याही कारकुनाला ते तिजोरीचं उशिरा उघडणं दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं.

एप्रिलभर आपांची तयारी चालली. पांढऱ्या कापडाचे दोन जोड शिवून झाले. इम्राननं चाकांची बॅग आणली. आपांनी शंभर पानी वही घेतली आणि ती घेऊन घरोघर फिरल्या, कारण जाणाऱ्याकडं लोक आपापलं मागणं सोपवतात. आमच्या टोकाच्या घरांनीही सोपवलं. कुणाच्या सुनेला मूल, कुणाच्या सासऱ्याची दारू सुटावी, कुणाचा कोर्टातला निकाल. मी सांगितलं, "माह्या पोराले नोकरी लागू द्या म्हणा." आपांनी नीट लिहून घेतलं, मुलाचं पूर्ण नाव विचारून, शाळेच्या हजेरीत लिहितात तसं.

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी आम्ही कर्मचारी नेहमीसारखे साडेनऊला आत शिरलो. दहा वाजता व्यवस्थापकांना फोन आला. त्यांनी तो ऐकला, दरवाजा आतून लावायला सांगितला आणि एक कागद काचेवर चिकटवला. व्यवहार थांबवल्याचा हुकूम होता. मी तो आतून वाचायचा प्रयत्न केला, अक्षरं उलटी दिसत होती. बाहेरून पहिला वाचणारा चष्मा पुसून पुन्हा वाचू लागला. मग दुसरा. अर्ध्या तासात रस्ता भरला. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला, डांबराला चपला चिकटत होत्या, आणि लोक डोक्यावर पासबुकं धरून उभे. आत कुणीतरी एसी बंद केला. कशासाठी ते माहीत नाही, पण बरं वाटलं. बाहेर माणसं भाजत असताना आत गार बसणं सोसलं नसतं.

बाया काचेवर बांगड्यांचे हात मारत होत्या. माझं नाव घेत होत्या.

"सुनंदाताई, तू त सांग! तू काहून बोलून नाई राहिली?"

"पोरीचं लग्न हाय व पंधरा दिवसांवर!"

"तुह्याच हातात देल्ले होते मी, तुह्याच हातात!"

मी बोलत होते. काचेतून आवाज जात नव्हता, किंवा मीच फक्त ओठ हलवत होते. चक्कीच्या गोंगाटात गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडणारी मी, त्या दिवशी एका काचेपलीकडेही ऐकू गेले नाही. गर्दीच्या मागं, पानटपरीच्या सावलीत, मला आपा दिसल्या. त्या पुढं आल्या नाहीत. हात मारला नाही. पिशवी पोटाशी धरून उभ्या राहिल्या आणि पोलिसांची गाडी आली तेव्हा हळूहळू घराकडं निघून गेल्या.

त्यानंतरच्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. अंग भाजणारी लू आठवते. रस्त्यानं जाताना लोकांची दारं आठवतात. मी जवळ आले की ती लागत असं नव्हे, उलट माणसं दारात येऊन उभी राहत आणि पाहत. मला वाटे, शिव्या द्याव्यात. एकदोघांनी दिल्या, त्या दिवशी मला झोप लागली. आमचे स्वतःचे पैसेही त्यातच अडकले होते, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती. तो एक बचाव आहे असं ऐकणाऱ्याला वाटलं असतं.

गुलाबराव तेव्हा चौऱ्याऐंशीचे. बातमी कळली तसे ते काठी टेकत इमारतीच्या पायऱ्यांवर येऊन बसू लागले. रोज. सील लागलेल्या दरवाजाशी. मी एकदा म्हटलं, "काका, ऊन लागंल. तुमचं काय चुकलं याच्यात?"

"नाव कोनाचं सांगून पैसे टाकले लोकायनं? माहंच ना?" ते म्हणाले. "त्या कारवाल्यायले कोन वळखते इथी?"

मग त्यांनी चक्की विकली. मोटर, जाती, जागा, सगळं. मुलांनी विरोध केला, भांडणं झाली, ते ऐकले नाहीत. मला बोलावून बाबांच्या वेळच्या जुन्या खातेदारांची यादी करायला सांगितली. सगळ्यांत लहान ठेवी आधी. धुणीभांडी करणाऱ्या बाया, रिक्षावाले, शाळेतल्या पोरांची खाती. ते स्वतः दारोदार गेले आणि हातात पैसे दिले. पावती घेतली नाही. यादी निम्मी होता होता पैसे संपले. उरलेल्या घरांसमोरून त्यांना जाता येईना, म्हणून ते घराबाहेर पडायचेच थांबले. पोळ्याच्या सुमारास गेले. ज्यांना पैसे मिळाले ते आले आणि ज्यांना मिळाले नव्हते तेही आले.  स्मशानात माझ्या हातात ती यादी होती. ती का आणली होती, मला सांगता येत नाही.

आपांचं नाव यादीत बरंच खाली होतं. त्यांची ठेव मोठी होती.

हे सगळं व्हायच्या आधी, मे महिन्यातच, हप्त्याच्या तारखेच्या चार दिवस आधी मी मंगळसूत्राची वाटी सोडून, पाटल्यांसकट असेल नसेल ते सोनं रुमालात बांधून त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ. कूलर घरघरत होता, चाकांची बॅग भिंतीशी उभी. मी रुमाल त्यांच्यासमोर ठेवला.

"आपा, हे मोडा आणि हप्ता भरा. माह्यामुळं अडकले तुमचे पैसे."

त्यांनी रुमाल उघडलासुद्धा नाही. माझ्याकडं सरकवला.

"कर्ज काढून हजला जाऊ नये, सुनंदा. असं जाऊन मले तिथं काय मागता येईल?"

"कर्ज नाही आपा. माझी चूक आहे, तिची भरपाई म्हणा."

"तुझी चूक असती तर मी घेतलं असतं," त्या म्हणाल्या.

मग त्या पाणी आणायला उठल्या. मला तो पेला संपवता आला नाही. तारीख गेली. त्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले नाही, जाण्याची हिंमत नव्हती. पुढं पंधरा दिवसांनी त्या आपणहून आमच्याकडं आल्या, वही घेऊन. म्हणाल्या, लोकांनी विश्वासानं मागणी दिली होती, ती पोचवायला हवीत. म्हणून रोज नमाजानंतर एकेक पान वाचून इथूनच मागतेय. "तुझ्या पोराचं आज सकाळीच मागितलं."

त्याच पावसाळ्यात माझ्या मुलाला नोकरी लागली. पेढे वाटायला मी आपांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

नंतरची वर्षं कागदांची. पेढीचा कारभार गुंडाळायला सरकारनं एक अधिकारी नेमला, त्याच्याकडं अर्ज करायचे होते. ज्या बायांनी काचेवर हात मारले होते, त्याच आमच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या. फॉर्म मीच भरून देत असे. आधार कार्डाची प्रत, पावतीची प्रत, वारसाचा दाखला. दर उन्हाळ्यात कुणाचा तरी अर्ज 'मयत' रकान्यात जाई. लोक माझ्यावर रागावलेले राहिले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी हळूहळू राग सोडला. फॉर्मवर अंगठा द्यायला आलेली एक म्हातारी जाताना लोणच्याची बरणी ठेवून गेली.

आपा पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. इम्रान नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात कामाला होता, तो त्यांना अमरावतीला आपल्या घरी घेऊन गेला. मागच्या मे महिन्यात त्यांच्या ठेवीचा निकाल लागला. व्याज नाहीच, मुद्दलही पूर्ण नाही. हजचा खर्च तेव्हाच्या कितीतरी पुढं गेलेला. चेक त्यांच्या नावाचा होता, मी तो पर्समध्ये घातला आणि सकाळच्या एसटीनं निघाले. मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंची नांगरलेली काळी रानं तापून भेगाळली होती. बडनेऱ्याला थांब्यावर कुणी लिंबू सरबत विकत होतं, मी पैसे काढायला पर्स उघडली आणि चेक पाहून पुन्हा बंद केली.

आपा खूप लहान झाल्या होत्या. वॉकर धरून चार पावलं टाकायच्या आणि थांबायच्या. चेक त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचला आणि म्हणाल्या, "आला बाप्पा एकदाचा."  इम्रान कामावर होता, म्हणून मीच त्यांना ऑटोनं कोपऱ्यावरच्या सरकारी बँकेत घेऊन गेले. खुर्ची मिळाली. काउंटरवरचा मुलगा भला होता, उठून फॉर्म घेऊन बाहेर आला.

"फिक्स करायचे का, आजी? किती वर्षांसाठी?"

"जितक्यात हजएवढे होतील तितक्या," आपा म्हणाल्या.

मुलानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. एवढ्या रकमेचे तेवढे व्हायला किती वर्षं लागतील याचा हिशेब मी एसटीतच केला होता. आपांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनीही तो केला असणार, त्या मास्तरीण होत्या.

"नॉमिनी कोण लावू?" मुलानं विचारलं. "तुमच्यानंतर पैसे कुणाला?"

"सुनंदा," आपा म्हणाल्या आणि बोट माझ्याकडं केलं.

मी घाबरले. "आपा, इम्रान आहे. त्याचं नाव टाका. मी नको. मी..."

"इम्रानला बायको-पोरं आहेत. त्याला गरज पडंल, अन् मग लागंल तिथं जातील. मी त्याला सांगितलं आहे, त्याची काही नाराजी नाही." त्या माझ्याशी आता हिंदीत बोलायला लागल्या, हळू आवाजात, जणू बँकेत दुसरं कुणी नव्हतंच. "मैं तो अब चल नहीं सकती. जब पूरे हो जाएँ, तो किसी ऐसे को भेजना जिसने अपना हज कर लिया हो. मेरे नाम से. इतना देख लेना तू."

"आपा, माह्यावर नका टाकू हे. तुम्ही एकदा माझं ऐकलं होतं."

त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. मुलगा फॉर्म भरत होता. माझं नाव, वय, पत्ता. मग त्याचं पेन थांबलं.

"ठेवीदाराशी नातं काय लिहू?"

आपांनी माझ्याकडं पाहिलं. 

"शेजारीण," त्या म्हणाल्या.

"आजी, कॉम्प्युटरमध्ये शेजारीण नाही येत. मुलगी, बहीण, सून, असं काहीतरी सांगा. नाहीतर 'इतर' टाकतो."

"इतर नको टाकू, बेटा."

मागं रांग लागली होती. छताचा पंखा गरम हवा फिरवत होता. मुलगा बोट की-बोर्डवर धरून थांबला होता, आपा माझ्या तोंडाकडं पाहत थांबल्या होत्या, आणि चौतीस वर्षं पेढीत आणि पुढं ओट्यावर लोकांचे फॉर्म भरून दिलेली मी, काय लिहायचं ते मला सांगता येत नव्हतं.